पहाटे 3 ला शुगरचा सेन्सर 54 दाखवतो, ग्लुकोमीटर 101. खरं कुणाचं?

भांडुपकर: आई 66 वर्षांची, रात्री 10 ला बेसल (हळूहळू, बराच वेळ काम करणारं) इन्सुलिन 14 युनिट. दंडावर 14 दिवसांचा सेन्सर आहे. सलग तीन रात्री पहाटे अलार्म वाजला: 54, 58, 51. बोट टोचून पाहिलं तर 101. घाम नाही, थरथर नाही. इन्सुलिन कमी करायचं का? लोकलमध्ये घामाने सेन्सरची कडही सुटते. बाजारात 2 हजारांत शुगर दाखवणारं घड्याळ मिळतं, ते घ्यावं का?

साखरमाप: आधी बघा, आई कोणत्या कुशीवर झोपतात आणि सेन्सर कोणत्या दंडावर आहे. सेन्सर रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली शुगर मोजतो. दंड अंगाखाली दबला की तिथला द्रव हलत नाही आणि आकडा कोसळतो. आलेखात कड्यासारखी सरळ घसरण आणि कूस बदलली की थोड्या वेळात आपोआप चढण दिसली, तर बहुधा हेच कारण.

तरीही अलार्म झाला की दर वेळी बोट टोचाच. लक्षणं नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. जुन्या मधुमेहात आणि काही बीपीच्या गोळ्यांमुळे थरथर जाणवतच नाही. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला हापूसचा रस लागला असेल तर मीटर खोटा जास्त आकडा देतो, आणि खरी कमी झालेली शुगर लपते. मीटरवर 70 च्या खाली आलं तर 3 चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी परत तपासा. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते.

भांडुपकर: डाव्या कुशीवर झोपते, सेन्सरही डाव्याच दंडावर!

दादर_पूर्व: मग पुढचा उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला. साध्या साबणाने धुवा, तेल-पावडर काही नको. स्पिरिट लावल्यावर जागा पूर्ण वाळू द्या. आपल्याकडच्या दमट हवेत वेळ लागतो, घाई केली की हमखास कड सुटते. लावायची वेळ संध्याकाळची ठेवा, म्हणजे घामाच्या आधी गोंदाला रात्र मिळते. वरून पट्टी लावलीत तर सेन्सरच्या मधलं बारीक छिद्र झाकू नका. ब्लाउजची बाही जिथे घट्ट बसते ती रेघ टाळा, दिवसभर तिथेच घासतं. पर्सचा पट्टाही दुसऱ्या खांद्यावर. सेन्सरची कातडीत जाणारी बारीक तार बाहेर आली असेल तर परत चिकटवू नका, तो सेन्सर गेला. नव्या सेन्सरचा पहिला दिवस आकडे जरा इकडेतिकडे होतात.

स्ट्रिप_आणि_सुई: घड्याळ मुळीच घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी 2024 मध्ये स्पष्ट बजावलं की कातडी न टोचता स्वतः शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांची मान्यता नाही. सेन्सरचाच आकडा मनगटावर दाखवणारं घड्याळ वेगळं, ते चालतं. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने खोट्या आकड्यावर डोस ठरवला तर जिवावर बेतू शकतं.

आणि 14 युनिट स्वतःहून बदलू नका. वयस्कर, जोखमीच्या रुग्णांत शुगर 70 च्या खाली असण्याचा वेळ एकूण वेळेच्या 1 टक्क्याच्या आत हवा असतो, त्यामुळे या तीन रात्रींमुळे सेन्सरचा रिपोर्ट उगाच वाईट दिसेल. डॉक्टरांकडे जाताना अलार्मची वेळ, त्या वेळचा मीटरचा आकडा आणि आई कोणत्या कुशीवर होत्या, हे तिन्ही लिहून न्या.