चाचणीत गोठून जाणारी मुलं आणि एनएलपी: काय घ्यावं, काय सोडावं?

खडूफळा

नववीला गणित शिकवते. शाळेत नुकतीच शिक्षकांसाठी एनएलपीची (न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे बोलण्या-विचार करण्याची पद्धत बदलून वागणं बदलायचं तंत्र) कार्यशाळा झाली. प्रशिक्षक बोलायला एकदम फर्डे. अँकरिंग (एखाद्या खुणेशी भावना जोडणं), रीफ्रेमिंग (त्याच गोष्टीकडे वेगळ्या नजरेने बघणं), मूल बोलताना वर उजवीकडे बघतं म्हणजे थाप मारतंय, प्रत्येक मूल बघून, ऐकून किंवा हाताळून शिकणारं असतं... दिवसभरात बरंच काही कानावरून गेलं. मुख्याध्यापक खूश आहेत. पुढच्या चाचणीआधी वर्गात वापरून बघा, असं म्हणतात.

माझ्या डोळ्यांसमोर एक मुलगी आहे. फळ्यावर बोलावली की वर्गसमीकरण नीट सोडवते, अडली तर कुठे अडलं ते स्वतः शोधते. चाचणीचा कागद हातात पडला की मात्र हात गार. पहिलाच प्रश्न पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि मग पेन खाली ठेवते. अशा वेळी तिच्या खांद्यावर हात ठेवून मी आत्मविश्वास 'अँकर' करायचा, असं कार्यशाळेत सांगितलं. ते मला पटत नाही. पण नुसतं "घाबरू नकोस" म्हणून काही होत नाही, हेही दिसतंय. कोणी प्रत्यक्ष वापरलंय का?

आणि जाता जाता, मागच्या बाकांवरच्या गोंधळाने माझं डोकं फिरतं, त्यावर यात काही आहे का? :)

रिकामा_बाक

आमच्याकडेही झाली होती. प्रमाणपत्र छान छापलं होतं.

कानोसा

मी शाळेत समुपदेशक आहे आणि एनएलपीचं प्रशिक्षणही घेतलंय. त्यामुळे थोडं घरभेद्यासारखं बोलतो.

1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठात रिचर्ड बँडलर हा विद्यार्थी आणि जॉन ग्रिंडर हे भाषाशास्त्राचे प्राध्यापक यांनी हे सुरू केलं. फ्रिट्झ पर्ल्स, व्हर्जिनिया सटायर, मिल्टन एरिक्सन हे नावाजलेले थेरपिस्ट माणसांशी नेमकं काय आणि कसं बोलतात, ते टिपायचं आणि इतरांना शिकवायचं, अशी कल्पना. पहिलं पुस्तक 1975चं. म्हणजे यातलं जे कामाचं आहे ते बरंचसं त्या जुन्या जाणत्यांचं आहे. बाकीचं नंतर चिकटत गेलं.

आधी टाकायचं ते सांगतो. डोळ्यांच्या दिशेवरून खोटं ओळखणं पूर्ण सोडा. रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये ते तपासलं, काही संबंध सापडला नाही. आठवायला बघणाऱ्या मुलाला तुम्ही खोटारडं ठरवाल, एवढंच होईल. 'बघून शिकणारा, ऐकून शिकणारा' या वाटणीचंही तेच. अशा शैलीप्रमाणे शिकवल्याने शिकणं सुधारतं याला पुरेसा पुरावा नाही, असं पॅशलर वगैरे मंडळींच्या 2008च्या आढाव्यात आहे. भूमितीला आकृती सगळ्यांनाच लागते.

आता अँकरिंग. पाव्हलॉव्हच्या काळापासून माहीत असलेलं अभिसंधान, त्याला नवा डगला. खूण आणि भावना पुरेशा वेळा एकत्र आल्या की खुणेने भावना थोडीफार जागी होते. पण भावना त्या क्षणी खरोखर अंगात असायला हवी. घाबरलेल्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला तर जोडली जाईल ती भीतीच! शिवाय मुलांच्या अंगाला हात लावून काही 'बसवणं' मला मुळातच नको वाटतं. परीक्षेत तुमचा हात तिच्याजवळ नसणार हे वेगळंच. खूण तिची, तिने निवडलेली, तिनेच करायची. फळ्यावरचं अवघड उदाहरण सुटून तिचा चेहरा उजळतो, त्याच वेळी अंगठा आणि मधलं बोट दाबायचं. मग तीच खूण बाकावर बसून, खऱ्या चाचणीसारख्या छापील कागदावर, पण गुण नसलेल्या पाच मिनिटांच्या चाचण्यांत. माझ्याकडची मुलं यातून सावरली, पण बोटांनी किती काम केलं आणि त्या बिनगुणांच्या कागदांनी किती, हे मला वेगळं काढता येत नाही. माझा कौल कागदांना.

रीफ्रेमिंग मला जास्त भरवशाचं वाटतं. धडधडणाऱ्या मुलाला "शांत हो" सांगणं म्हणजे उधळलेल्या बैलाला बसायला सांगणं. त्यापेक्षा "शरीर कामाला लागलंय, ही धडधड मदतीची आहे" हे सोपं जातं. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014च्या प्रयोगांत शांत होऊ बघणाऱ्यांपेक्षा स्वतःला "मी उत्साहात आहे" म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली, गणितातसुद्धा. मात्र हे चाचणीच्या दारात सांगू नका, आधी कधीतरी निवांत सांगा.

तुमच्यासारख्या शिक्षिकेला सगळ्यात उपयोगी पडेल ते 'मेटा मॉडेल'. कार्यशाळेत ते बहुधा घाईत उरकतात, कारण त्यात टाळ्या मिळत नाहीत. मूल जे ढोबळ बोलतं ते प्रश्न विचारून बारीक करत न्यायचं. परवाचंच:

"सर, मला गणित येतच नाही."
"कुठलं येत नाही?"
"सगळंच."
"कालचा अपूर्णांकांचा गृहपाठ?"
"तो आला. अवयव पाडायचे आले की गडबड होते."
"अवयव सापडत नाहीत, की सापडल्यावर काही होतं?"
"सापडतात. चिन्ह चुकतं."

'गणित येत नाही' याला रडण्यापलीकडे इलाज नाही. 'चिन्ह चुकतं' याला आहे. पण सूर सांभाळा. हेच प्रश्न उलटतपासणीसारखे विचारले तर मूल कायमचं गप्प होईल. तुमच्या मुलीला "कागद बघितल्यावर सगळ्यात आधी काय होतं?" एवढंच विचारून थांबा. मध्ये शांतता पडली तर पडू द्या.

एक गोष्ट एनएलपीबाहेरची. रामिरेझ आणि बाइलॉक यांनी 2011 मध्ये नववीच्याच मुलांना परीक्षेआधी 10 मिनिटं मनातली काळजी कागदावर लिहायला लावली. नेहमी धास्तावणाऱ्या मुलांना त्याचा फायदा झाला. खर्च शून्य, करून बघा.

उलट्या होणं, झोप उडणं, चाचणीच्या दिवशी शाळाच टाळणं असं काही दिसलं, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून पालकांशी बोला आणि तज्ज्ञांकडे पाठवा.

तुमच्या डोक्याचं: स्वतःला नावाने हाक मारून मनात बोला. "बाई, आता काय करणार आहात?" स्वतःकडे तिऱ्हाइताच्या खुर्चीतून बघणं एनएलपीतही आहे आणि ईथन क्रॉस यांच्या प्रयोगांतही. मला निम्म्या वेळा तरी लागू पडतं.

शंकेखोर

कानोसा, तुम्हीच अर्धं टाकलंत आणि उरलेलं पाव्हलॉव्ह आणि प्रयोगशाळांच्या नावावर लिहिलंत. मग याला एनएलपी म्हणायचंच कशाला? 1988 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीलाही यात ठोस काही सापडलं नव्हतं.

कानोसा

नाव गेलं तरी मी रडणार नाही. पण बाईंना सोमवारी मुख्याध्यापकांना 'एनएलपी वापरलं' हे सांगायचंय. वर्गात निदान नुकसान न करणारं तरी जावं.

बाकावरचा_बाप

घरचा अनुभव. चिरंजीव ती बोटांची खूण कुठल्याशा व्हिडिओवरून शिकले. आता अभ्यास न करता बोटं दाबून बसतात. चेहऱ्यावर बुद्धाची शांती, पेपर कोरा.

कानोसा

:) त्याची भीती खरं बोलत होती, तिला गप्प केलं! म्हणून मी आधी चार उदाहरणं सोडवून घेतो. तरीही हात थरथरले तर मग खूण, रीफ्रेमिंग वगैरे.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. आज मधल्या सुट्टीत तिला तुमचा तो एकच प्रश्न विचारला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाकीच्यांची पानं उलटल्याचा आवाज येतो आणि वाटतं मी मागे पडले." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिच्या गणितातच कारण शोधत होते.

तर पुढची बिनगुणांची चाचणी सगळ्यांना एकाच पाठकोऱ्या पानावर देते, उलटायला काही नकोच. आधी 10 मिनिटं लिहायला. ते लिखाण मी वाचायचं, की फाडून टाका म्हणायचं?

कानोसा

वाचू नका, आणि वाचणार नाही हे आधीच सांगा. नाहीतर ती तुमच्यासाठी लिहितील.