भूकंपाची तयारी आणि मत्तय ६:३४

प्रेषक: सभासद, फ्रीमाँट (कॅलिफोर्निया)

मंडळींना सलाम.

ऑक्टोबरची भूकंप-कवायत जवळ आली आहे, म्हणून विचारते. मराठी उपासनेनंतर हा विषय निघाला की एक शंका हमखास येते. उद्याची चिंता करू नका, असं प्रभू सांगतो. कोठारं मोठी करणाऱ्या धनवानाला मूर्ख म्हटलं आहे. मग गॅरेजात दोन आठवड्यांचं पाणी भरून ठेवणं विश्वासात बसतं का? आणि बसत असेल, तर चौघांच्या घराला नेमकं किती लागतं?

प्रेषक: सभासद, सॅन होजे
उत्तर: भूकंपाची तयारी आणि मत्तय ६:३४

ताई, लूकच्या शुभवर्तमानातल्या १२व्या अध्यायातला तो धनवान पुन्हा वाचा. तो बोलतो ते सगळं स्वतःशीच. माझं धान्य, माझी कोठारं. दुसरं माणूस त्यात येतच नाही. मिसरात योसेफानेही कोठारंच भरली, सुकाळाची सात वर्षं पिकाचा पाचवा हिस्सा. दुष्काळात ती लोकांसाठी उघडली (फुकट नाही, हेही खरं). अंत्युखियाच्या शिष्यांना अगब या संदेष्ट्याकडून येणाऱ्या दुष्काळाचं कळलं, तेव्हा त्यांनी यहूदियातल्या बांधवांना ऐपतीप्रमाणे मदत पाठवली. तेव्हा साठवा, पण हिशेबात शेजारी धरा.

पाणी माणशी रोज १ गॅलन, म्हणजे साधारण ३.८ लिटर. चौघांना १४ दिवसांचे ५६ गॅलन. शेजारी एकट्या आजी राहत असतील, तर ७०. एवढ्या बाटल्या विकत घ्यायची गरज नाही, कारण ४०-५० गॅलन बहुतेक घरांत आधीच आहे: वॉटर हीटरच्या टाकीत. पण ५० गॅलन पाण्याचंच वजन १९० किलोच्या आसपास भरतं. टाकी नीट बांधलेली नसेल तर ती आडवी होते, पाणी जातं आणि गॅसची जोडणी तुटते ते वेगळंच.

टाकी भिंतीला बांधणारे पट्टे दोन हवेत. एक वरच्या तिसऱ्या भागात, दुसरा खालच्या तिसऱ्या भागात, पण हीटरच्या कंट्रोलच्या (तापमान कमी-जास्त करायच्या बटणाच्या) निदान ४ इंच वर. स्क्रू पाव इंच जाड, ३ इंच लांब, वॉशरसकट, आणि भिंतीतल्या लाकडी खांबातच. नुसत्या ड्रायवॉलमध्ये (खांबांवरच्या जिप्समच्या पातळ पाटीत) मारलेला स्क्रू पहिल्याच हिसक्याला बाहेर येतो. बहुतेक घरांत चूक इथेच असते. टाकी आणि भिंत यांत फट असेल तर मागे लाकडी ठोकळा घट्ट बसवा, नाहीतर पट्टा असूनही टाकी मागे आपटते.

पाणी काढायची वेळ आली तर क्रम चुकवू नका. आधी हीटरचा गॅस किंवा वीज बंद करा. मग थंड पाण्याचा व्हॉल्व्ह, म्हणजे फुटलेल्या लाइनचं घाण पाणी आत येणार नाही. टाकी निवू द्या. घरातला एक गरम पाण्याचा नळ उघडा आणि मगच खालची तोटी सोडा. वरचा नळ बंद राहिला तर हवा आत जात नाही आणि पाणी अडतं. सुरुवातीला गाळ येईल. वर्षातून एकदा थोडं पाणी काढत राहिलात तर ती तोटी गाळाने बुजत नाही.

प्रेषक: सभासद, ओकलंड
उत्तर: भूकंपाची तयारी आणि मत्तय ६:३४

दादांच्या हिशेबाला एक पुरवणी. भिंतीवरच्या टँकलेस हीटरमध्ये साठा जवळजवळ शून्य. तो असेल त्यांनी पिंपच घ्यावं.

नळाच्या पाण्याची खात्री नसेल तर उकळा. इंधन नसेल तर ब्लीच: ६ टक्क्यांचं असेल तर गॅलनला ८ थेंब, ८.२५ टक्क्यांचं असेल तर ६. पाणी गढूळ असेल तर आधी कापडातून गाळा आणि थेंब दुप्पट करा. ३० मिनिटांनी क्लोरीनचा हलका वास यायला हवा. सुगंधी ब्लीच चालत नाही. बाटली पडून राहिली की जोर जातो, म्हणून दरवर्षी आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी नवी आणावी. दहा कुमारींचा दाखला (दिव्याचं तेल आधीच आणलेल्या शहाण्यांचा) त्याच सुमारास वाचला जातो, तेव्हा तारीख लक्षात राहते.

खाण्यात सातूचं पीठ, पातळ पोहे, शेंगदाणे, गूळ. डाळ-तांदळाला पाणी आणि जाळ दोन्ही लागतं. चकली-लोणच्याने तहान वाढते. कॅम्पिंगची शेगडी घरात पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वाससुद्धा येत नाही.

प्रेषक: सभासद, हेवर्ड
उत्तर: भूकंपाची तयारी आणि मत्तय ६:३४

चर्चबद्दल कुणीच लिहिलं नाही. आपल्या भागाखालून जाणाऱ्या हेवर्ड फॉल्टवरचा (जमिनीतल्या भेगेवरचा) शेवटचा मोठा धक्का १८६८ सालचा. पुढचा रविवारी सकाळी बसला तर?

आपल्याकडून आलेल्यांची पहिली धाव दाराकडे असते. किल्लारीला, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या लोकांवर कोसळली. तिथून आलेल्या माणसाला घराबाहेर पळावंसं वाटणारच. इथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. पळताना माणूस पडतो, काच लागते. बाकांच्या रांगेतच खाली बसा, डोकं-मान हातांनी झाका. व्हीलचेअरचे ब्रेक लावा आणि पुढे वाका. पियानोची चाकं आणि भिंतीवरचा पितळी क्रूस आधीच पक्के करा.

हादरे थांबल्यावर मेणबत्ती पेटवायची नाही, वेदीवरचीही नाही. गॅस गळत असेल तर तीच आग लावेल. नाताळच्या पेटीत बॅटरीवरचे दिवे ठेवा. गॅसचा वास आला, फुस्स आवाज आला किंवा मीटर भराभर फिरताना दिसला तरच व्हॉल्व्ह बंद करा: १२ इंची पाना, पाव फेरा, व्हॉल्व्हची पट्टी नळीला आडवी. परत उघडणं गॅस कंपनीचं काम, आणि मोठ्या भूकंपानंतर त्याला दिवसच्या दिवस लागतात; म्हणून उगाच बंद करू नका.

आणि कृपा करून त्या दिवशी कुणी पापाचा हिशेब काढू नये. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, हे येशूनेच विचारलं आणि 'नाही' असं उत्तरही दिलं.

प्रेषक: सभासद, फ्रीमाँट
उत्तर: भूकंपाची तयारी आणि मत्तय ६:३४

सर्वांचे आभार. आमच्या हीटरला एकच पट्टा आहे, तोही मधोमध. शनिवारी ड्रिल आणि खांब शोधायचं यंत्र कुणाकडे मिळेल?