विषय: भरीत पार्टीचा फॉर्म अडकला (टॅग काढल्यापासून)

मंडळी, नमस्कार.

शनिवारपासून भरीत पार्टीच्या नोंदणीचं बटण दाबलं की काहीच होत नाही. पान हलत नाही, काही चुकलं असा निरोपही येत नाही. चार जणांचे फोन येऊन गेले. शनिवारी मी एकच गोष्ट केली: वेबसाइटवरचा जुना ट्रॅकिंग कोड, म्हणजे किती जण आले ते मोजणारा टॅग, काढला. युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स (गूगलची भेटी मोजणारी जुनी सेवा) कधीच बंद पडलंय, शिवाय मागच्या बैठकीत डेटा संरक्षणाचा विषय निघाला होता, म्हणून थीमच्या हेडरमधला (प्रत्येक पानाच्या वरच्या भागातला) तो आठ-दहा ओळींचा तुकडा उडवला. तेवढ्याने फॉर्म कसा काय मेला? वांगी सांगून झाली आहेत आणि ताटं किती लागणार ते कळत नाहीये. यावलच्या भाऊंनी हे सगळं उभं केलं होतं, त्यांनी कृपया बघावं.

— चिटणीस

---

ताई,

उत्तराला उशीर झाला. या आठवड्यात मोटारीला रात्रीची लाइट आहे, त्यामुळे केळीच्या बागेत बसून मोबाइलवरून लिहितोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

घोळ तुमचा नाही, माझा आहे. २०१६ मधला. तेव्हा समितीला हवं होतं की फॉर्म किती जणांनी भरला ते मोजलं जावं. मी काय केलं, बटण दाबल्यावर फॉर्मला आधी थांबवलं, गूगलला ‘नोंद झाली’ असं कळवलं, आणि तिकडून पोच आली की मगच फॉर्म पुढे सोडायचा. त्या पोचेला हिटकॉलबॅक म्हणतात. तुम्ही हेडरमधला तुकडा काढलात, पण फॉर्मच्या पानावरचा माझा कोड तिथेच आहे. तो फॉर्मला थांबवतो, गूगलला हाक मारायला जातो, आणि हाक मारायचं साधनच सापडत नाही म्हणून जागीच कोसळतो. कॉम्प्युटरवर ब्राउझरचा कन्सोल उघडून बटण दाबा, ‘जीए इज नॉट डिफाइन्ड’ (गूगलला हाक मारायचं साधन ‘जीए’ सापडलं नाही) अशी लाल ओळ दिसेल.

गूगलच्या कागदपत्रांत त्याच पानावर पुढे लिहिलं होतं की सेकंदभरात पोच आली नाही तर फॉर्म आपोआप सुटेल अशी सोय ठेवा. मी वरचा नमुना उचलला आणि खालचं वाचलंच नाही. ज्यांच्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं काही होतं, त्यातल्या काहींचा फॉर्म तेव्हाही असाच अडकला असणार. ‘फॉर्म चालत नाही’ म्हणून फोन करणाऱ्यांना आपण इतकी वर्षं ‘दुसऱ्या मशीनवरून बघा’ म्हणत होतो, ते आठवून आता लाज वाटते.

आज एवढंच करा: काढलेला तुकडा होता तसा परत लावा आणि कॅशे साफ करा. शनिवारपर्यंत चालत होता म्हणजे पुन्हा चालेल. पार्टीची नोंदणी बंद होईपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावू नका.

नंतर काढताना मात्र क्रम बदलायचा. इकडे शेतातली जुनी ठिबक काढायची असेल तर कुणी सरळ नळ्या उपसत नाही. आधी वॉल्व्ह बंद करायचा आणि चार-सहा दिवस ओळींमधून फिरायचं. एखादं झाड मान टाकतं, तेव्हा कळतं की या नळीला मधेच कुणीतरी जोड दिलेला होता. तुमचा वॉल्व्ह म्हणजे टॅग मॅनेजर, साइटवरचे असे कोड एका जागी चालू-बंद करायचं गूगलचं साधन. तिथला टॅग डिलीट न करता पॉज करायचा, आवृत्तीला तारखेसकट नाव द्यायचं आणि मग पब्लिश. काही बिघडलं तर आधीची आवृत्ती पुन्हा पब्लिश केली की झालं. हेडरमध्ये हाताने चिकटवलेल्या कोडला असा वॉल्व्ह नसतो. म्हणून त्याला हात लावण्याआधी सगळ्या फाइलींत शोध घ्या की ‘जीए’ला किंवा ‘डेटालेयर’ला (टॅग मॅनेजरला माहिती देणारी यादी) हाका कुठून कुठून जातात. आधी त्या हाका काढायच्या, मुख्य तुकडा शेवटी.

माझ्या आठवणीप्रमाणे कोड तीन जागी आहे: थीमचं हेडर, हेडर-फूटरमध्ये कोड घालायचं प्लगइन, आणि टॅग मॅनेजर. टॅग मॅनेजरचेही दोन तुकडे असतात, एक हेडमध्ये आणि एक बॉडीच्या सुरुवातीला. दुसरा हमखास राहून जातो.

— यावलहून, भाऊ

---

भाऊ, ताई,

एक शंका. हे सगळं काढलं तर २०१२ पासूनची आपली आकडेवारी जाईल ना? अध्यक्ष होतो तेव्हा दर अहवालात मी ती छापत असे. आणि नुसतं पडून राहिलं तर बिघडतं काय? कुणाच्या ताटात वाटा तर मागत नाही ते.

— नाना

---

नाना, नमस्कार.

आकडेवारी आधीच गेली. युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सने १ जुलै २०२३ पासून नवी नोंद घेणं थांबवलं आणि १ जुलै २०२४ पासून जुनं बघणंही बंद झालं. तुमचे छापील अहवाल तेवढे जपून ठेवा, आता दप्तर म्हणून तेच उरलंय.

पडून राहिलं तर बिघडतं. गूगलचा कोड एक वेळ सोडा, पण त्या प्लगइनमध्ये मी इतर दोन-तीन फुकट सेवांचे कोड चिकटवले होते. दुसऱ्याच्या डोमेनवरून येणारी स्क्रिप्ट म्हणजे त्या डोमेनच्या मालकाला आपल्या घराची किल्ली. पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन २०२४ मध्ये विकलं गेलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये तिथून येणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घातक कोड सापडला. एक लाखाहून जास्त साइट्सवर ती स्क्रिप्ट लावलेली होती. त्यातल्या कितीतरी जणांना ती लावल्याचं आठवतही नसेल. माझंही तसंच झालंय की. शिवाय तुम्ही युरोपात आहात. २५ मे २०१८ पासून तिकडचा डेटा संरक्षणाचा कायदा (जीडीपीआर) लागू आहे, आणि कुणी विचारलं की ‘ही कुकी कशाला?’ तर आपल्याकडे उत्तर नाही.

ताई, एक गोष्ट सांगायची राहिली होती. सर्च कन्सोलमध्ये (गूगल शोधात आपली साइट कशी दिसते ते दाखवणारं साधन) साइट आपलीच असल्याची खूण आपण बहुधा अ‍ॅनालिटिक्सच्या कोडवरूनच पटवली होती. तो कोड गेला की ती मालकीही जाते. आधी डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) टीएक्सटी नोंद, म्हणजे मजकुराची एक ओळ, घालून दुसरी खूण पटवा. टॅग मॅनेजरचं खातं ज्यांच्या मेलवर होतं ते कॅनडाला गेले, मेल बदलला. ते सापडले नाहीत तर त्यांच्या मागे लागू नका, सरळ नवा कंटेनर (टॅग ठेवायचा डबा) काढा. पण खरंच मोजायचं आहे का, हे आधी ठरवा. मला विचाराल तर भरीत पार्टीला किती माणसं आली ते ताटं मोजून कळतं.

— भाऊ

---

भाऊ,

नोंदणी काल बंद झाली, म्हणून आज काम उरकलं. डीएनएसची नोंद आधी केली. तुम्ही म्हणालात तसं खरंच निघालं, सर्च कन्सोलमध्ये दुसरी कुठलीच खूण नव्हती. शोध घेतला तर ‘जीए’ला हाक सात ठिकाणी निघाली. त्यातली एक देणगीच्या बटणावर, ती शनिवारपासून तुकडा परत लावेपर्यंत अडकलेली असूनही कुणी फोन केला नव्हता! आधी त्या सातही काढल्या, मग हेडर, मग प्लगइन. टॅग मॅनेजरचं खातं उघडलंच नाही, म्हणून पानावरचे त्याचे दोन्ही तुकडे सगळ्यात शेवटी काढले. नंतर ब्राउझरच्या नेटवर्कच्या टॅबमध्ये ‘कलेक्ट’ (गूगलला जाणारी नोंद) शोधलं, एकही ओळ नाही. आपली कुकी विचारणारी पट्टी मात्र अजून ठेवलीये, कारण कानबाईच्या कार्यक्रमाचे यूट्यूब व्हिडिओ पानातच लावलेले आहेत. त्यांच्या नुसत्या लिंक केल्या की पट्टीही जाईल.

ताटं ६४. कळण्याची भाकरी हवी म्हणणारे ४१, बाकी पुरीवाले. इथे वांगी भाजायला तुरकाठ्या काही मिळत नाहीत, ती ओव्हनमध्येच भाजावी लागणार. नानांना ते अजून सांगितलेलं नाही.

— चिटणीस