'हेडविग अँड दि अँग्री इंच': ही कथा नक्की कोणाची?

निशाचर:
जॉन कॅमेरॉन मिचेलने दिग्दर्शित केलेला आणि स्वतःच मुख्य भूमिका केलेला हा २००१चा रॉक-संगीतपट सगळीकडे लिंगओळखीचा सिनेमा म्हणून सांगितला जातो. मला तो आधी बर्लिनच्या भिंतीचा सिनेमा वाटतो. पूर्व बर्लिनमधला हान्सेल एका अमेरिकन सैनिकाच्या, लूथरच्या, प्रेमात पडतो. पलीकडे जायचं तर लग्न हवं, लग्नाला वधू हवी. आई आपलं नाव आणि पासपोर्ट त्याला देते, शस्त्रक्रिया होते आणि बिघडते. हान्सेलची हेडविग झाली. पुढे कॅन्ससच्या जंक्शन सिटीत लूथर तिला टाकून जातो, आणि टीव्हीवर भिंत पडताना दिसते. शरीर देऊन जे मिळवलं ते आता सगळ्यांना फुकट! याहून क्रूर प्रसंग मी संगीतपटात पाहिलेला नाही. हेडविग उपरी आहे ती सरकारांनी केलेली.

पारिजात:
तुम्हाला भिंत दिसली, मला ऑपरेशन टेबल दिसलं. मी ट्रान्स स्त्री आहे. घरी सांगितलं तेव्हा पहिली भीती हीच होती, "काहीतरी बिघडेल, ना इकडची राहशील ना तिकडची." सिनेमाच्या नावातला 'इंच', म्हणजे बिघडलेल्या शस्त्रक्रियेनंतर हेडविगच्या अंगावर उरलेला इंचभर मांसाचा तुकडा, ही नेमकी तीच भीती. शस्त्रक्रिया करून समाधानाने नोकरी-संसार करणाऱ्या बाया मी ओळखते. त्यांच्यावर रॉक ऑपेरा कोणी लिहीत नाही. गाणी मलाही पाठ आहेत, स्टीफन ट्रास्कचं संगीत अफाटच आहे. म्हणून तर जास्त लागतं.

निशाचर:
पण हान्सेल कुठेच म्हणत नाही की मी बाई आहे. त्याच्याकडून कागदासाठी शरीर मागितलं गेलं. आपल्याकडे २०१९च्या मूळ कायद्यात 'ट्रान्सजेंडर' असा दाखला शस्त्रक्रियेशिवाय मिळायची सोय होती, पण 'स्त्री' किंवा 'पुरुष' लिहून हवं असेल तर शस्त्रक्रियेचं वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं होतं. शरीर दाखवा, मग ओळख देऊ. सिनेमा याच मागणीवर बोट ठेवतो.

पारिजात:
कायद्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण जबरदस्ती नको हे जितकं खरं, तितकंच जिला हवं तिला ते नीट मिळावं हेही खरं. सिनेमात दुसरी बाजू येतच नाही. हा सिनेमा ज्या संगीतनाटकावरून केला त्याच्या सिडनीतल्या प्रयोगासाठी २०२० साली ट्रान्स नसलेला नट घेतला, तेव्हा कलाकारांनी खुलं पत्र काढलं आणि प्रयोग पुढे ढकलावा लागला. मिचेल आणि ट्रास्क यांचं म्हणणं, ही भूमिका कोणीही करावी. बरोबर आहे, पण मग दुसऱ्या भूमिकांमध्ये आम्हाला कोण घेतं तेही सांगा.

रानवारा:
इत्झाकचं नाव अजून कोणीच काढलं नाही. हेडविगचा आताचा नवरा, तिच्या रॉक बँडमध्ये मागे उभा राहून गाणारा. त्याला विग घालायचा असतो, हेडविग घालू देत नाही. त्याला दुसरीकडे काम मिळतं तेव्हा ती त्याचा पासपोर्ट फाडते. *पासपोर्ट!* जिला एका पासपोर्टसाठी स्वतःला कापून घ्यावं लागलं, तीच. ही दाढीवाल्या पुरुषाची भूमिका मिरियम शोर या अभिनेत्रीने केली आहे आणि तिचा आवाज संपूर्ण सिनेमाभर हेडविगच्या आवाजाखाली दबलेला राहतो. सोसलेला माणूस आपोआप चांगला होत नाही, हे इतक्या स्पष्टपणे दाखवायला धाडस लागतं. उपऱ्यांवरचे बहुतेक सिनेमे त्यांना संत करून ठेवतात. मला ते अपमानास्पद वाटतं.

पारिजात:
इत्झाकबद्दल पटलं. पण शेवट बघा. हेडविग विग उतरवते, रंग पुसते आणि उघड्या अंगाने गल्लीत चालत जाते, म्हणे आता ती पूर्ण झाली. माझी साडी, माझी लिपस्टिक हा मुखवटा नाही. खरं होण्यासाठी ते का उतरवायचं?

निशाचर:
विग खोटा ठरवलेला नाही. तो इत्झाकच्या हातात जातो आणि त्याची सुंदर स्त्री होते, गर्दी तिला हातांवर झेलते. एकाला जे उतरवून मोकळं व्हायचंय, तेच दुसऱ्याला घालून.

पारिजात:
ते इत्झाकपुरतं. स्त्री झालेल्या इत्झाकचे आनंदाचे क्षण किती, मोजा. त्या बाईचा पुढचा सिनेमा मला बघायचा होता.

रानवारा:
मलाही. आणि तो तुमच्यापैकी कोणीतरी करावा.