फोटो बिघडलाय की नुसता तसा दिसतोय? तुमचे अनुभव लिहा

फाइल उघडावी तर रंग फिके, नाहीतर कॅनव्हास (फोटो दिसतो ती जागा) कोरा, नाहीतर पांढऱ्यावर पिवळी झाक. फोटो एडिट करणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. लगेच हात सॅच्युरेशनच्या (रंग भडक करणाऱ्या) स्लायडरकडे जातो आणि धडधाकट फाइल हकनाक खराब होते. म्हणून माझा आग्रह आहे, की आधी दोष फाइलमध्ये आहे, सॉफ्टवेअरमध्ये आहे की स्क्रीनमध्ये, ते ठरवा. मी एक स्क्रीनशॉट काढतो आणि मूळ फाइलसोबत तोही दुसऱ्याच्या मोबाइलवर बघतो. दोन्ही ठीक दिसले तर गडबड आपल्या मॉनिटरची किंवा रात्री स्क्रीन पिवळसर करणाऱ्या नाइट लाइटची. फाइल ठीक पण स्क्रीनशॉट बिघडलेला, तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये शोधायचं.

तुमचं काय अडलं आणि कशाने सुटलं, ते लिहा. ‘रीइन्स्टॉल केलं, झालं’ एवढंच नको. नेमकं कारण सापडलं असेल तर आवर्जून सांगा.

डीटीपी ऑपरेटर, पुणे

आमचं काम पत्रिका आणि फ्लेक्सचं. वर्डवर हात बसलेला माणूस फोटोशॉपमध्येही रीडू (मागे घेतलेलं पुन्हा) करायला कंट्रोल-वाय दाबतो, आणि तिथे तो शॉर्टकट ‘प्रूफ कलर्स’चा आहे. दाबला की छपाईत फोटो कसा येईल तसा दिसायला लागतो. हिरवा चुडा मळकट, निळा शेला जांभळट. फाइलमध्ये काहीही बदललेलं नसतं. खूण अशी, की वर टॅबवर फाइलच्या नावापुढच्या ‘आरजीबी/८’ला (स्क्रीनच्या रंगांची खूण) ‘सीएमवायके’ची (छपाईच्या चार शायांची) शेपटी लागते. पुन्हा कंट्रोल-वाय, विषय संपला. सोबत शिफ्टही दाबली गेली तर फोटोवर करडे डाग पडतात. तेवढे रंग शाईत उतरणार नाहीत, असा त्याचा अर्थ. खरं तर ही दोन्ही बटणं फार कामाची. फ्लेक्स छापायला जाण्याआधी गिऱ्हाइकाला शेजारी बसवून हेच दाखवावं, म्हणजे ‘स्क्रीनवर तर असा नव्हता’ हा वाद उरत नाही.

पैठणी विक्रेती, येवला

आमच्याकडे रंग हाच माल. मोरपंखी पैठणी माझ्या कॉम्प्युटरवर हुबेहूब दिसायची, पण ऑर्डरसाठी पाठवलेला तोच फोटो काही गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर उतरलेला, जुनाट दिसायचा. साडी घरी पोहोचली की फोन यायचा, ‘ताई, फोटोतली वेगळी होती.’

कारण सापडलं ते फाइलच्या नावात. कॅमेरा सेकंडहँड घेतलेला. त्यातल्या सगळ्या फायलींची नावं अंडरस्कोअरने सुरू होत होती. बऱ्याच कॅमेऱ्यांत याचा अर्थ असतो, की कलर स्पेस (किती आणि कुठले रंग मावतील त्याचं माप) अ‍ॅडोबी आरजीबीवर ठेवलेली आहे. ही कलर स्पेस १९९८ची, आणि हिरव्या-निळसर छटा तिच्यात एसआरजीबीपेक्षा जास्त मावतात. एसआरजीबी १९९६मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने आणली, आणि आजही बहुतेक अ‍ॅप तीच गृहीत धरतात. फाइलमध्ये रंगाचे नुसते आकडे असतात. ते कुठल्या मापाने वाचायचे हे प्रोफाइल सांगतं. पाठवताना प्रोफाइल गळून पडलं किंवा समोरच्या अ‍ॅपने ते वाचलंच नाही, की तेच आकडे लहान मापाने वाचले जातात आणि रंग फिका पडतो.

आता कॅमेरा एसआरजीबीवर आहे. जुन्या फोटोंसाठी फोटोशॉपच्या एडिट मेनूत ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ घेऊन एसआरजीबी निवडते. त्याच्याच शेजारी ‘असाइन प्रोफाइल’ आहे, ते घेऊ नका. कन्व्हर्टमध्ये आकडे बदलतात आणि रंग जागेवर राहतो. असाइनमध्ये आकडे तेच राहतात आणि रंग हलतो. एक्सपोर्ट करताना ‘एम्बेड कलर प्रोफाइल’वर टिक ठेवते. तरीही अस्सल मोरपंखीची काही चमक एसआरजीबीत बसतच नाही. अशा साडीचा मी खिडकीपाशी उजेडात व्हिडिओ काढून पाठवते आणि सोबत रंग शब्दांत लिहिते. गिऱ्हाइकाला खरं काय ते आधी कळायला हवं.

स्टुडिओवाला, रत्नागिरी

ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या चिपचं सॉफ्टवेअर) अपडेट झाला आणि दुसऱ्या दिवशी फोटोशॉपमध्ये झूम केलं की काळे चौकोन. कधी आख्खा कॅनव्हास काळा. लग्नाचा अल्बम द्यायचा होता, पोटात गोळाच आला. पण लेयर्स पॅनलमधल्या छोट्या चौकटीत फोटो नीट दिसत होता, म्हणजे फाइल शाबूत. प्रेफरन्सेसमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘यूज ग्राफिक्स प्रोसेसर’ची टिक काढली, प्रोग्राम बंद करून उघडला, आणि अल्बम वेळेत गेला. टिक कायमची काढून ठेवू नका, कॅनव्हास फिरवण्यासारख्या सोयी त्याशिवाय चालत नाहीत. नंतर सवडीने जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकला आणि टिक परत लावली.

हौशी पक्षी छायाचित्रकार, सोलापूर

भिगवणला फ्लेमिंगो टिपून आलं की लाइटरूम या फोटो एडिटरमध्ये पहिला क्षणभर गुलाबी रंग झकास दिसतो आणि डोळ्यांदेखत उतरतो. नवीन मंडळी यावरून कॅमेऱ्याला दोष देतात. आधी दिसते ती रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या डेटाच्या फाइलमध्ये) कॅमेऱ्यानेच बसवलेली जेपेग. मग सॉफ्टवेअर मूळ डेटावरून स्वतःचं चित्र तयार करतं. डेव्हलप विभागात प्रोफाइलच्या (वर आलेलं कलर स्पेसचं नव्हे, रंगांच्या ठेवणीचं) यादीतून ‘कॅमेरा स्टँडर्ड’ निवडलं की बराचसा मूळ रंग परत येतो. आणि पिसांची धार १०० टक्के झूमवरच तपासा; ६६ किंवा ३३ टक्क्यांवर दिसणाऱ्या कडांवर विश्वास नको.

मराठी मंडळाची कार्यकर्ती, लंडन

मला फोटोपेक्षा त्यावरच्या मजकुराने छळलं. गणेशोत्सवाच्या पोस्टरवर ‘किती’ची वेलांटी अक्षराच्या मागे आणि जोडाक्षरं फुटलेली. फॉन्ट बदलून काही होईना. माझ्या फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’खाली ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावं लागलं, आणि आधीच टाइप केलेल्या मजकुरासाठी पॅरेग्राफ पॅनलच्या मेनूतूनही. त्याहून जुन्या आवृत्त्यांत हाच पर्याय ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ नावाने आहे.

विद्यार्थिनी, नाशिक

माझा प्रश्न आहे. लॅपटॉपवर एकच फोटो कधी उजळ दिसतो, कधी अंधारा. शेजारी पांढरी विंडो उघडली की झटकन बदलतो. स्क्रीनशॉट काढून बघितला, त्यात फरक येत नाही.

डीटीपी ऑपरेटर, पुणे

ताई, चार्जर लावल्यावर हे थांबतं का बघ. थांबत असेल तर बॅटरी वाचवण्यासाठी स्क्रीन स्वतःच उजेड कमी-जास्त करतेय. विंडोज ११मध्ये डिस्प्ले सेटिंगला ब्राइटनेसच्या खाली, पडद्यावरच्या मजकुरानुसार उजेड बदलण्याचा पर्याय असतो, तो बंद कर. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनलमध्येही पॉवरच्या भागात असाच एक असू शकतो. दोन्ही बघ.

विद्यार्थिनी, नाशिक

चार्जरवर खरंच थांबतं! दुसरा पर्याय सुरू होता, बंद केला. बॅटरीवर बसून उजळ केलेले सबमिशनचे फोटो आता मूळ फायलींवरून पुन्हा करायला घेते.