मदत हवी आहे: ऐच्छिक प्रॉपर्टीची किंमत (व्हॅल्यू) चुकीची असेल तर प्रोब पाडावा का?

लिनक्सचा आय-टू-सी (चिप जोडायची दोन तारांची बस) सेन्सर ड्रायव्हर आहे. प्रोब म्हणजे डिव्हाइस सुरू करणारं त्याचं फंक्शन; ते चूक देऊन पाडलं की डिव्हाइस चालत नाही. डिव्हाइस ट्रीमधली (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) सॅम्पलिंग रेटची प्रॉपर्टी ऐच्छिक. नसेल तर १०० हर्ट्‌झ. आधी ती वाचणाऱ्या ऑफ_प्रॉपर्टी_रीड_यू३२ चा रिटर्न कोड तपासलाच जात नव्हता, त्यामुळे रिकामी प्रॉपर्टीही (-ईनोडेटा) गुपचूप १०० वर जायची. आता फक्त -ईइन्व्हॅलला (प्रॉपर्टीच नाही) डीफॉल्ट, बाकी चुकांना डेव्ह_एर_प्रोबने चूक नोंदवून प्रोबमधून बाहेर. रीसेट जीपीआयओचा (चिप रीसेट करायची पिन) ऑप्शनल कॉल, पिन नसेल तर, नल देतो. रेग्युलेटरचा (वीजपुरवठा) ऑप्शनल कॉल मात्र, तो नसेल तर, -ईनोडेव्ह (ही विसंगती फार छळते). दोन्ही हाताळलंय, -ईप्रोब_डिफरही (लागणारं काही अजून तयार नाही, नंतर पुन्हा प्रोब करा) तसाच वर जातो.

अडलंय ते असं: प्रॉपर्टी नीट वाचली जाते, पण किंमत ५०००, चिपची मर्यादा ४००. जुन्या बोर्डांची डीटीबी (डिव्हाइस ट्रीची बायनरी फाइल) बदलता येणार नाही. अशा वेळी -ईइन्व्हॅल देऊन प्रोब पाडायचा, की डेव्ह_वॉर्न करून (लॉगमध्ये इशारा देऊन) १०० वर चालवायचं?