‘वॉटर प्रोटेक्टर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : वसईतल्या आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) अंकासाठी अमेरिकेतल्या स्टँडिंग रॉकवर लेख लिहितेय. नॉर्थ डकोटातून इलिनॉयला जाणारी सुमारे १,८८० किलोमीटरची तेलवाहिनी मिसुरी नदीवरच्या ओआहे जलाशयाखालून न्यायला तिथल्या सू या मूळनिवासी लोकांनी २०१६ साली विरोध केला, ते प्रकरण. ते स्वतःला ‘प्रोटेस्टर’ म्हणवून घेत नव्हते, ‘वॉटर प्रोटेक्टर’ म्हणत. म्हणजे ‘आंदोलक’ बाद. ‘जलरक्षक’ चालेल?

उत्तर : ‘जलरक्षक’ वाचून मला पोहण्याच्या तलावावरचा शिट्टीवाला जीवरक्षक दिसतो. शिवाय ३ सप्टेंबरला कुत्रे घेऊन आले होते ते तेलवाहिनी कंपनीचे सुरक्षारक्षक. एकाच परिच्छेदात दोन्ही ‘रक्षक’ कसे नांदवणार? ‘पाण्याचे राखणदार’ म्हणा.

प्रतिसाद : राखणदार आमच्या कोकणात माणूस नसतो हो! तो वेशीवरचा, त्याला नारळ द्यायचा.

उत्तर : म्हणून तर सुचवला. तिथला तळ ही त्यांच्या लेखी प्रार्थनेची जागा होती, रोज अग्नी तेवत ठेवलेला. थोडा देव आला शब्दात तर बिघडलं कुठे? आणि शेताची राखण माणसंच करतात की.

प्रश्नकर्ती : राखणदार घेतला. आता घोषणा. लाकोटात, म्हणजे सू लोकांच्या भाषेत, ‘म्नी विचोनी’. म्नी म्हणजे पाणी, विचोनी म्हणजे जीवन. ‘पाणी हेच जीवन’ लिहिलं तर टँकरच्या पाठीवरची पाटी वाटते.

प्रतिसाद : गंमत म्हणजे संस्कृतात ‘जीवन’चा एक अर्थ पाणीच आहे, मराठी कोशांतही तो सापडतो. म्हणजे आपल्याकडे ही घोषणा एका शब्दात मावते, पण हे आता कुणाला जाणवत नाही. मूळ लाकोटाच ठेवा, खाली अर्थ द्या.

प्रश्नकर्ती : बरं. शेवटचं. ३ नोव्हेंबर २०१६ला एपिस्कोपल (अमेरिकेतला अँग्लिकन पंथ) पाद्री जॉन फ्लोबर्ग यांच्या हाकेवर वेगवेगळ्या धर्मपंथांचे पाचशेहून अधिक लोक तिथे गेले. आमच्याकडे ‘धर्मगुरू’ म्हटलं की फक्त फादर डोळ्यांसमोर येतात. तिथे स्त्रियाही होत्या, म्हणून ‘धर्मसेवक’ करतेय. त्यांना राखणदारांचे ‘पाठीराखे’ म्हटलं तर? ‘राख’ धातूही जुळतो.

उत्तर : धातू जुळतो, नातं जुळत नाही, ताई. पाठीराखा हा बळानं मोठा असतो : ओवीतला भाऊ, नाहीतर विठोबा. या मंडळींनी तिथे १४९३च्या पोपच्या फर्मानाची प्रत जाळली. ख्रिस्ती नसलेल्यांची भूमी ‘शोधणाऱ्या’च्या मालकीची, या सिद्धांताचा तो आधार. (‘कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला’ हे आपण शाळेत घोकलं, त्यातला हाच ‘शोध’!) आपल्याच घरातला कागद जाळायला आलेल्या माणसाला पाठीराखा म्हणणं म्हणजे त्याला परत वरच्या पायरीवर बसवणं. ‘सोबतीला आले’ म्हणा.

प्रतिसाद : पण ‘सोबत’ फार घरगुती नाही का? रात्री अंगणात जाताना लागते तशी.

उत्तर : तशीच. सोबत करणाऱ्याला कंदील धरता आला की पुरे, वाट दाखवावी लागत नाही.

प्रश्नकर्ती : मग वाक्य असं : ‘पाण्याच्या राखणदारांच्या सोबतीला पाचशेहून अधिक धर्मसेवक आले.’ दोनदा ‘च्या’ येतोय, तेवढा कुणीतरी काढून द्या. अंक शुक्रवारी छपाईला जातोय.